वेदर सांगणाऱ्याची नोकरी रेटिंगवर का ठरावी?

अमेरिकेत लोकल टीव्ही न्यूज लोक अजून का बघतात असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच, वेदर. बातम्या फोनवर मिळतात, मॅचचा स्कोअर फोनवर मिळतो, पण आकाश काळं व्हायला लागलं की माणूस अजूनही टीव्ही लावतो आणि रोज दिसणारा तो ओळखीचा चेहरा काय सांगतोय ते ऐकतो. 2019 मध्ये प्यू रिसर्च सेंटरने लोकल बातम्यांवर मोठा सर्व्हे केला होता, त्यात 70 टक्के लोक म्हणाले की रोजच्या जगण्यासाठी हवामानाची माहिती महत्त्वाची आहे, क्राइम आणि ट्रॅफिक हे विषय त्याच्या बरेच खाली होते. स्टेशन चालवणाऱ्यांना हे पक्कं माहितीये. म्हणूनच दर स्टेशनच्या जाहिरातीत रडार असतं, चीफ मीटिऑरॉलॉजिस्टचा म्हणजे मुख्य हवामानतज्ज्ञाचा फोटो बिलबोर्डवर असतो, आणि म्हणूनच रेटिंग घसरलं की पहिली नजर त्याच्यावरच जाते.

माझं म्हणणं असं आहे की या माणसाची नोकरी, पगार, कॉन्ट्रॅक्ट यातलं काहीही रेटिंगला बांधू नये. न्यूज अँकरचं बांधायचं असेल तर बांधा, त्यावर वेगळा वाद घालता येईल, पण ज्याच्या बोलण्यावर लोक वादळापासून वाचायला बेसमेंटमध्ये जायचं की नाही ते ठरवतात त्याला किती लोकांनी बघितलं एवढ्यावर मोजणं चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे.

आधी हे मोजतात कसं ते बघू कारण बऱ्याच जणांना वाटतं की स्टेशनला प्रत्येक घरातलं कळतं. तसं नाहीये. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने देशाचे 210 लोकल मार्केट पाडलेत आणि प्रत्येक मार्केटमधल्या निवडक घरांवरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. रेटिंग म्हणजे टीव्ही असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांत तुमचं चॅनेल लागलं होतं, आणि शेअर म्हणजे त्या वेळेला चालू असलेल्या टीव्हींपैकी किती. कित्येक छोट्या मार्केटमध्ये तर 2018 पर्यंत कागदी डायरीवर काम चालायचं, लोक आठवडाभर काय बघितलं ते पेनाने लिहायचे आणि पोस्टाने पाठवायचे. वर्षातले चार महिने स्वीप्सचे, म्हणजे खास मोजणीचे, फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर. त्या महिन्यांतल्या आकड्यांवर पुढच्या जाहिरातींचे दर ठरत आले. आता मोठ्या शहरांत रोजच्या रोज आकडे येतात तरी स्वीप्सचं दडपण संपलेलं नाही.

आता हे महिने परत एकदा वाचा. फेब्रुवारीत बर्फ, मे महिन्यात टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचा, सीझन ऐन भरात. कोणी मुद्दाम असं ठरवलं नसेल पण जुळून असं आलंय की ज्या दिवसांत फोरकास्टरने सगळ्यात तोलूनमापून बोलायला हवं नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या डोक्यावर आकड्यांचं ओझं सगळ्यात जास्त असतं. दोन इंच बर्फ पडणार असेल तर तो दोन इंच म्हणून सांगायचा की "मोठं वादळ येतंय, आमच्याबरोबर रहा" म्हणून, हा प्रश्न फेब्रुवारीच्या दर आठवड्याला उभा राहतो आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा वेदर डेस्कवर ठरतच नाही, ते प्रोमो डिपार्टमेंट आणि बाहेरून आणलेले कन्सल्टंट यांच्या मीटिंगमध्ये ठरतं.

रोजच्या बुलेटिनमध्येसुद्धा हे दिसतं, फक्त लक्ष देऊन बघायला हवं. बातम्या सुरू झाल्या की पहिल्या मिनिटात फोरकास्टर येतो, बाहेरचं टेम्परेचर सांगतो, रडारवर एक हिरवा-पिवळा ठिपका दाखवतो आणि म्हणतो की शनिवारचं काय ते थोड्याच वेळात. मग बातम्या, मग ब्रेक, आणि पूर्ण फोरकास्ट येतो साधारण पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर. याचं कारण हवामानात शोधू नका. नील्सनचा हिशोब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत चालत आलाय, त्यातली पाच मिनिटं बघितली तरी तो तुकडा तुमच्या खात्यात, त्यामुळे प्रेक्षकाला दुसऱ्या तुकड्यात ओढून नेलं की फायदा. फोरकास्टर हिरव्या भिंतीसमोर हातात क्लिकर घेऊन उभा असतो, नकाशा त्याला मागे दिसत नाही, बाजूच्या मॉनिटरकडे बघत बघत हात फिरवायचा असतो, कानातल्या इअरपीसमध्ये प्रोड्यूसर तीस सेकंद राहिलेत म्हणून सांगत असतो, आणि एवढ्या कसरतीत त्याला अनिश्चितता समजावून सांगायची असते जी मुळातच समजावायला अवघड गोष्ट आहे. साध्या दिवशी हे चालून जातं, शनिवारच्या पावसाची बातमी पंधरा मिनिटं उशिरा कळली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. पण सवय तिथेच लागते. माहिती हातात असताना ती राखून ठेवायची आणि माणसाला टांगून ठेवायचं, ही सवय हवामान सांगणाऱ्याला लागणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी गोष्ट पावसाच्या टक्क्यांची. फोरकास्ट चांगला की वाईट हे तपासायची पद्धत फार जुनी आणि सरळ आहे. तुम्ही ज्या ज्या दिवशी 30 टक्के शक्यता सांगितली ते सगळे दिवस एकत्र काढा, त्यातल्या साधारण 30 टक्के दिवशी पाऊस पडला असेल तर तुमचे टक्के खरे. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाने 1950 मध्येच यासाठी एक स्कोअर मांडला जो आजही वापरतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वेदर चॅनेलचे पावसाचे टक्के असे तपासले, तर जेव्हा 20 टक्के सांगितलं होतं तेव्हा प्रत्यक्षात पाऊस त्याहून खूपच कमी वेळा पडला होता. म्हणजे पावसाकडे झुकतं माप. आणि असं का होतं हे कळायला फार डोकं लावायला नको. पाऊस सांगितला आणि पडला नाही तर माणूस खूश होतो, पिकनिक झाली म्हणून विसरून जातो. पाऊस नाही सांगितला आणि पडला तर तोच माणूस स्टेशनला फोन करून शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी चॅनेल बदलतो. ज्याची नोकरी चॅनेल बदलणाऱ्या त्या बोटावर आहे तो थोडे टक्के वाढवून सांगणारच, तो माणूस लबाड असायची गरजच नाही, तुमची-माझी नोकरी तशी असती तर आपणही तेच केलं असतं. वेदर चॅनेल नॅशनल आहे, पण लोकल स्टेशनवरचा माणूस तर त्याच गावात राहतो, दुकानात, पेट्रोल पंपावर लोक त्याला तोंडावर बोलून दाखवतात, त्याच्यावरचं दडपण कमी कसं असेल?

आता जो किस्सा मला सगळ्यात जास्त खटकतो तो सांगतो. इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला डब्ल्यूआयसीएस नावाचं स्टेशन आहे, तेव्हा सिंक्लेअर कंपनीचं. तिथे जो क्रेन नावाचे मीटिऑरॉलॉजिस्ट बरीच वर्षं सकाळचं वेदर सांगायचे. कंपनीने तिच्या स्टेशनांवर "कोड रेड" नावाचा अलर्ट सुरू केला, हवामान बिघडायची शक्यता दिसली की स्क्रीनवर कोड रेड. लोक वैतागले, कारण साध्या गडगडाटी पावसालाही तेच लाल आणि खऱ्या संकटालाही तेच लाल. जून 2019 मध्ये क्रेन यांनी सकाळच्या शोमध्ये लाइव्ह सांगितलं की हा निर्णय इथल्या वेदर टीमचा नाही, कंपनीचा आहे, सगळी वादळं सारखी नसतात आणि हा अलर्ट ते लक्षात घेत नाही, तुमची नाराजी आम्हाला कळतेय. त्यानंतर क्रेन स्क्रीनवर दिसले नाहीत, त्यांची नोकरी गेली. गावातल्या लोकांनी पिटिशन काढलं, काही लोकल जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या, पण क्रेन काही परत आले नाहीत.

बघा काय झालं ते. फोरकास्टर म्हणत होता की धोका जेवढा असेल तेवढाच सांगू द्या. एवढंच. आणि त्याच्या वरच्यांना हवा होता सगळ्या स्टेशनांवर एकसारखा दिसणारा ब्रँड, लाल रंगाचा, लोकांना स्क्रीनजवळ खेचणारा. नॅशनल वेदर सर्व्हिसकडे, म्हणजे सरकारी हवामान खात्याकडे, धोक्याच्या पाच पायऱ्या आधीपासून आहेत, मार्जिनलपासून हायपर्यंत, त्या अभ्यास करून बनवलेल्या आहेत, त्या सगळ्या एका शब्दात कोंबल्या की लोकांना फरक कळणं बंद होतं. लांडगा आला रे आलाची गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलीये, पण त्या गोष्टीतला मुलगा निदान स्वतःच्या मनाने ओरडत होता, इथे ज्याला ओरडायचं नाहीये त्याला ओरडायला लावलं आणि त्याने तसं सांगितलं तर घरी बसवलं.

दुसऱ्या बाजूने पण तोच माणूस मार खातो. 2019 च्याच मे महिन्यात, 27 तारखेला रात्री, ओहायोमधल्या डेटन भागात टॉर्नेडोची वॉर्निंग आली तेव्हा तिथल्या एका स्टेशनच्या फोरकास्टरने चालू असलेला रिअॅलिटी शो थांबवून रडार लावलं. लोकांनी सोशल मीडियावर तक्रारींचा पाऊस पाडला की शो परत लावा. तो लाइव्हमध्येच चिडला, की नाही लावणार, लोकांचा जीव धोक्यात आहे. त्याच रात्री डेटनच्या भागात ईएफ-4 ताकदीचा, म्हणजे मोजपट्टीवर वरून दुसऱ्या पायरीचा टॉर्नेडो घुसला आणि शेकडो घरं उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टीव्हीवर गोल्फची मास्टर्स स्पर्धा चालू असताना वॉर्निंगसाठी मध्ये आलेल्या अटलांटाच्या एका फोरकास्टर बाईंना तर जिवे मारायच्या धमक्या आल्या. म्हणजे अलर्ट जास्त दिला तरी लोक चिडणार आणि जेव्हा द्यायलाच हवा तेव्हा दिला तरी चिडणार, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अशा वेळी त्या माणसाच्या डोक्यात "उद्या सकाळी आकडे काय येतील" हा विचार येता कामा नये आणि तो येऊ नये अशी सोय फक्त स्टेशन करू शकतं, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून. शो तोडायचा की नाही, किती वेळ तोडायचा, अलर्टला काय म्हणायचं, हा निर्णय वेदर डेस्कचा, त्यात सेल्स किंवा प्रोमोवाल्यांनी पडायचं नाही, आणि त्या निर्णयाने रेटिंग पडलं तर ते त्याच्या नावावर लावायचं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही, कारण त्यात दम आहे. लोकांनी बघितलंच नाही तर वॉर्निंगचा उपयोग काय? जगातला सगळ्यात अचूक फोरकास्टर घ्या, त्याला कोणीच बघत नसेल तर तो कोणाला वाचवणार? बरोबर आहे. प्रेक्षक हवेतच. अलाबामात जेम्स स्पॅन आहेत, बर्मिंगहॅमच्या एबीसी 33/40 वर, कोट काढून सस्पेंडर दिसायला लागले की लोकांना कळतं की आता गंभीर आहे. ते नुसती काउंटीची म्हणजे जिल्ह्यांची नावं घेऊन थांबत नाहीत, वादळ कुठल्या चर्चजवळ आहे, कुठल्या चौकातून पुढे जातंय ते सांगतात, त्यासाठी त्यांनी गावंच्या गावं पाठ केलीत. 27 एप्रिल 2011 ला अलाबामात एका दिवसात दोनशेच्या वर लोक गेले, त्या दिवशी ते तासन् तास स्क्रीनवर होते आणि टस्कलूसामध्ये घुसणारा टॉर्नेडो टॉवरवरच्या कॅमेऱ्यातून लाइव्ह दिसत होता. इतकं सगळं करूनही एवढे लोक गेले याचा विचार त्यांनी नंतर जाहीरपणे केला, सायरनवर विसंबून राहू नका हे तर ते वर्षानुवर्षं सांगतायत. त्यांना प्रेक्षक आहेत आणि भरपूर आहेत. पण ते कुठून आले? साध्या, ऊन पडलेल्या, कंटाळवाण्या दिवसांत वर्षानुवर्षं खरं सांगून आले. असा विश्वास जमायला दशकं लागतात आणि स्टेशनचा जनरल मॅनेजर बघतो हा स्वीप्स आणि गेल्या वर्षीचा तोच स्वीप्स. दोन-तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर छोट्या मार्केटमध्ये नवीन लागलेली पोरगी दहा वर्षांनी लोक माझ्यावर विश्वास ठेवतील म्हणून आज शांतपणे "फार काही होणार नाही" असं सांगू शकेल का, जेव्हा समोरचं चॅनेल लाल पट्टी लावून बसलंय? मला नाही वाटत. रेटिंग खोटं आहे असं मी म्हणतच नाहीये, ते ज्या वेळेत मोजलं जातं त्या वेळेत विश्वास मोजता येत नाही आणि भीती मात्र लगेच मोजता येते.

आणि खोट्या भीतीची किंमत काय असते ते जॉपलिनने दाखवलंय. मिझुरीतलं जॉपलिन, 22 मे 2011, टॉर्नेडोत 158 माणसं गेली. नंतर नॅशनल वेदर सर्व्हिसने लोकांशी बोलून जो रिपोर्ट केला त्यात आलं की पहिला सायरन ऐकून बहुतेक लोक लगेच आडोशाला गेलेच नाहीत, सायरन नेहमीच वाजतो म्हणून. अजून कुठून तरी खात्री करून घ्यायला थांबले, कोणी बाहेर जाऊन आकाश बघितलं, कोणी टीव्ही लावला. त्या काळात चार टॉर्नेडो वॉर्निंग दिल्या तर साधारण तीन वेळा टॉर्नेडो यायचाच नाही, तो विज्ञानाचा प्रश्न आहे, त्यावर काम चालू आहे. पण विज्ञानातून आलेल्या या चुका आधीच एवढ्या असताना वरून मार्केटिंगच्या चुका कशाला वाढवायच्या? शंका आली की माणूस ज्याच्याकडे बघतो तो टीव्हीवरचाच असतो, निदान त्याच्यावर तरी "हा नेहमीच असं म्हणतो" असा शिक्का बसू देऊ नका.

एल रीनो गावाचं पण बोलायला हवं. 31 मे 2013, ओक्लाहोमा, शुक्रवारची संध्याकाळ. ओक्लाहोमा सिटीच्या मार्केटमध्ये वेदरची स्पर्धा म्हणजे युद्धच, हेलिकॉप्टर, वादळामागे गाड्या पळवणारे चेझर, स्वतःचं रडार, सगळं. मूर शहरात अकराच दिवसांपूर्वी टॉर्नेडोत 24 लोक गेले होते, लोक आधीच घाबरलेले. अशात एका स्टेशनवरच्या फोरकास्टरने लोकांना गाडीत बसून दक्षिणेकडे निघा असं सांगितलं, हायवे तुंबले, लोक गाड्यांत अडकून पडले आणि मागून 2.6 मैल रुंदीचा टॉर्नेडो, आतापर्यंत नोंदवलेला सगळ्यात रुंद. त्या टॉर्नेडोत जे आठ लोक गेले ते सगळे वाहनांत होते, त्यात टिम समारस यांच्यासारखे अनुभवी संशोधक होते. हे सगळे त्या फोरकास्टरचं ऐकून निघाले होते असं मुळीच नाही, आणि त्याने रेटिंगसाठी तसं सांगितलं असंही मी म्हणणार नाही, त्याला खरंच लोकांची काळजी असणार. पण आगीतून फुफाट्यात नेणारा सल्ला अशाच हवेत तोंडातून निघतो जिथे प्रत्येक चॅनेलला दुसऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलावं लागतं, जिथे शांत राहणारा माणूस मागे पडतो. त्या शहरात कोणी तरी आधीच ठरवायला हवं होतं की वादळाच्या वेळेला स्पर्धा बंद.

उलट टोकाला गेलेलं पण बघितलं. जानेवारी 2025 मध्ये अॅलन मीडिया कंपनीने ठरवलं की त्यांच्या स्टेशनांवरचे लोकल मीटिऑरॉलॉजिस्ट काढायचे आणि अटलांटातून वेदर चॅनेलच्या लोकांनी सगळ्यांचं हवामान सांगायचं. हिशोबाच्या वहीत हे छान दिसलं असणार. लोक इतके भडकले की कंपनीला काही दिवसांतच बऱ्याच ठिकाणी माघार घ्यावी लागली. म्हणजे लोकांना आपल्या गावचा माणूस हवाय, आपल्या नद्या-रस्ते ओळखणारा, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि हे कुठल्याही रेटिंगच्या तक्त्यात आधी दिसलं नव्हतं, दिसलं असतं तर तो निर्णय घेतलाच नसता ना.

मग मोजायचं कशाने? अचूकतेने, आणि ते सगळ्यांसमोर. काही स्टेशनं आजही "थ्री डिग्री गॅरंटी" चालवतात, उद्याचं कमाल तापमान तीन डिग्रीच्या आत बरोबर आलं की संस्थेला देणगी. चांगली सुरुवात आहे, पण उद्याचं तापमान हा पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न झाला. पावसाचे टक्के तपासा. बर्फ किती इंच सांगितला आणि किती पडला ते दाखवा. दहा दिवसांचा फोरकास्ट लावता ना, नोआ ही सरकारी हवामान संस्था स्वतः सांगते की पाच दिवसांचा साधारण 90 टक्के वेळा बरोबर येतो आणि दहा दिवसांचा निम्म्याच वेळा, मग तो दहावा दिवस उन्हाच्या चित्रासकट तितक्याच ठळक अक्षरात का? समोरचं चॅनेल दाखवतं म्हणून. महिन्यातून एकदा दोन मिनिटं द्या, आम्ही काय सांगितलं होतं, काय झालं, कुठे चुकलो. ज्या फोरकास्टरचा स्कोअर चांगला त्याचा पगार वाढवा, त्याला लोकांनी किती बघितलं तो हिशोब सेल्सवाल्यांनी त्यांच्याकडे ठेवावा.

कोणी म्हणेल चुका दाखवल्या तर लोक पळतील. मला उलट वाटतं, रोज घरात येणारा माणूस चुकला की कबूल करतो हे एकदा दिसलं की त्याचं "आज खरंच धोका आहे, खाली जा" हे वाक्य लोक जास्त ऐकतील. आणि यात खर्च जवळजवळ नाहीच. कालचा फोरकास्ट स्टेशनच्या कॉम्प्युटरवर असतो, किती पाऊस पडला ते वेदर सर्व्हिस फुकट देते, दोन्ही शेजारी ठेवायला एक माणूस आणि आठवड्याला एक-दोन तास पुरतात. कुठल्याही एका मार्केटमध्ये एका स्टेशनने हे सुरू केलं की बाकीच्यांना लोक विचारतीलच की तुमचा स्कोअर कुठेय.